आडाळो नावाचे शस्त्र

वकिलाच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. कागद फायलीत जातात, फायली माळ्यावर जातात, पुढचं वाळवी बघून घेते. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे ते आपले हातपाय पसरून घरात बसून राहतात. आमच्या घरी चार माणसं जमली आणि मी खुर्ची पुढे ओढली की मुलं एकमेकांना खुणावतात, "चला, आई निघाली अंधेरी कोर्टात!" खुणावू देत. ऐकायला थांबतात तीच!

तर ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला तेंडोलकरसाहेबांकडे ज्युनिअर होते. साहेब फक्त फौजदारी कामं करायचे, आणि त्यातही डोकेफोड, भोसकाभोसकी, हाडं मोडणं असली. त्या काळात मुलींनी वकील व्हायचं म्हणजे फार तर घटस्फोट किंवा जागेचे दावे! माझ्या आईची पंचाईत व्हायची. स्थळ घेऊन कुणी आलं आणि "मुलगी काय करते?" असं विचारलं, की ती बिचारी खाली बघून म्हणायची, "मारामाऱ्या."

*

आमचं ऑफिस एका पिठाच्या गिरणीवर होतं. गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या टाचण्या नाचायच्या आणि फटीफटीतून पीठ वर यायचं. काळे कोट खुंटीला टांगलेले. दुपारी कोर्टात उभं राहिलं की मॅजिस्ट्रेटसाहेबांना आमच्याकडे बघूनच कळायचं, आज खाली ज्वारी दळलीय की बाजरी.

अशा त्या ऑफिसात एक कडक नियम होता. अशिलाला "तू हे केलंस का?" असं कुणीही, कधीही विचारायचं नाही. साहेबांचे प्रश्न तीनच. नाव काय, गाव कुठलं, आणि जेवलास का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं की आधी खालून वडापाव. मग केस.

"साहेब, पण खरं काय ते आपल्याला कळायला नको?" मी एकदा विचारलं.

साहेब म्हणाले, "अगं नीला, खरं काय ते शोधायला कोर्ट आहे, पोलीस आहेत, सरकारी वकील आहेत. एवढी माणसं पगार घेऊन शोधतायत. त्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?"

या नियमाला पहिला सुरुंग लावला तो मुलुंडच्या बाळा पैलवानानं. अंगानं दरवाजाएवढा, मनानं एकदम मऊ. शेजारच्या सोसायटीतल्या एका माणसाचे पुढचे दात पाडल्याचा आरोप. आला की पायऱ्या कुरकुरायच्या. खुर्चीत मावायचा नाही म्हणून उभाच राहायचा आणि म्हणायचा, "साहेब, आज मनावर लय ओझं झालंय. खरं सांगू का?"

साहेब ताडकन हात वर करायचे. "थांब! जेवलास का?"

"नाय साहेब."

"आधी खाली जा. वडापाव खा. मग बघू."

बाळा खाली जायचा, खायचा आणि तिथूनच मुलुंडला निघून जायचा. पुढच्या तारखेला परत ओझं! हे बरेच दिवस चाललं. मग एकदा पावलं वाजली, दार पूर्ण भरलं आणि बाळा नुसता म्हणाला, "साहेब, आज सगळं खरं सांगायला आलोय."

साहेबांनी हात वर करायच्या आत पुढे म्हणाला, "आज वडापाव दोन सांगतो."

*

याच सुमाराला आनंदीबाई आल्या.

गोरेगावच्या एका चाळीत एक खोली, पदरात दोन मुली, नवरा वारलेला. तो हयात असताना कापडगिरणीत होता. आनंदीबाई एका बालवाडीत आया होत्या. सबंध गोरेगावातली निम्मी पोरं त्यांच्या कडेवरून शाळेत गेली असतील. आरोप काय, तर धाकटा दीर दत्ताराम याला धारदार शस्त्रानं मारून त्याचा हात फाडला. हातावर भलेमोठे टाके पडलेले. कलम तीनशे सव्वीस, म्हणजे शस्त्रानं गंभीर दुखापत.

या दत्तारामाचा डोळा खोलीवर होता. दारू पिऊन यायचा आणि "जागा माझ्या भावाची, तुम्ही चालत्या व्हा" म्हणून भांडी बाहेर फेकायचा. त्या दिवशी त्यानं भांड्यांवर न थांबता मोठ्या मुलीच्या दंडाला धरून तिला चौकटीबाहेर ओढलं. पुढे काय झालं ते नियमाप्रमाणे आम्ही विचारलं नाही. दत्ताराम रक्तबंबाळ होऊन पोलीस चौकीत गेला, एवढं मात्र कागदावर होतं.

शिक्षा झाली असती तर सरळ हिशेब होता. बाई आत, बालवाडीची नोकरी गेली, खोली दत्तारामच्या घशात आणि मुली रस्त्यावर. धाकटी तर चौथीत होती. मला त्या केसचं जेवढं ओझं वाटलं तेवढं पुढे खुनाच्या केसचंही वाटलं नाही.

साहेबांनी आरोपपत्र वाचलं. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "नीला, हे ऐक. 'आरोपी बाईने आडाळो नावाचे धारदार शस्त्र हातात घेऊन फिर्यादीचा जिन्यापर्यंत पाठलाग केला.'"

ते वाक्य कानावर पडलं मात्र, आनंदीबाई खुर्चीतून उसळल्या. "खोटां! साफ खोटां! साहेबांनू, मी आडाळो उचलूकच नाय! तो मेलो दत्तो खोटारडो आसा!"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्याकडे येणारी माणसं एकतर गप्प बसायची नाहीतर रडायची. असा अस्सल संताप त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. बाई गेल्यावर म्हणाले, "नीला, ही बाई खरं बोलतेय गं." आणि थोडे घाबरलेच. निर्दोष अशिलाची त्यांना सवय नव्हती!

*

तेवढ्यात मधेच तो स्टुडिओतला फायटर आठवला, त्याला पुढे ढकलता येत नाही.

गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत मारामारीच्या सीनमध्ये मार खाणारा आणि मार देणारा असा हा इसम. नाव सोडा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी बाचाबाची झाली आणि यानं त्याचं नाक फोडलं. साहेबांनी त्याला बजावलं होतं की कोर्टात तोंड उघडायचं नाही. पण समोर माणसं बसलेली, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. कलाकार तो! मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सहज विचारलं, "काय हो, सिनेमात करता ते रस्त्यावरही करायला लागलात का?"

हा छाती काढून म्हणाला, "साहेब, एवढी वर्षं ह्या लाइनमध्ये आहे. हजारो ठोसे मारले, आजपर्यंत एकालाही लागला नाही!"

"मग याला कसा लागला?"

"तेच तर ना साहेब! मी ठोसा बरोबर टायमिंगला मारला. ह्यानं मागे जायला पाहिजे होतं. नवीन माणूस, त्याला काय कळतंय!"

तेंडोलकरसाहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "युवर ऑनर, आता आपण फक्त शिक्षेवर बोलूया."

*

आमच्या विरुद्ध सरकारी वकील असायचे दळवी. कोर्टात ते आणि तेंडोलकरसाहेब एकमेकांवर असे तुटून पडायचे की नवखा पोलीस मधे जायला बघायचा. आणि दुपारी दोघं एकाच बाकावर, एकाच डब्यात! दळवी कुडाळकडचे. मासे म्हटलं की त्यांचा सरकारीपणा गळून पडायचा.

एका तारखेला कोर्टाच्या जिन्यात आनंदीबाई आणि दत्ताराम समोरासमोर आले. दत्ताराम कुत्सित हसला. आनंदीबाईंनी पदर खोचला आणि सगळं कोर्ट ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "मेल्या, तुझो मुडदो बशिवलो!"

झालं! तिथे उभा असलेला हवालदार होता सांगलीकडचा. त्याला फक्त 'मुडदा' कळला. आरोपी बाईनं जामिनावर असताना फिर्यादीला कोर्टाच्या आवारात जिवे मारण्याची धमकी दिली, सबब जामीन रद्द व्हावा, असा अर्ज तासाभरात मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर आला. मॅजिस्ट्रेटसाहेब नागपूरकडचे. तेही गंभीर झाले. धाकट्या मुलीनं आईचा पदर मुठीत धरला. ती मूठ मला अजून दिसते.

अर्जावर बोलायचं दळवींनी. ते उभे राहिले. कागद बघितला, हवालदाराकडे बघितलं, मग आनंदीबाईंकडे बघितलं.

"काय दळवी, हे वाक्य म्हणजे धमकीच ना?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

दळवींनी चष्मा काढला. "युवर ऑनर, सरकार पक्षातर्फे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. माझी आई मला रोज सकाळी हेच म्हणून उठवते."

अर्ज तिथल्या तिथे निकाली! बाहेर आल्यावर तेंडोलकरसाहेबांनी दळवींचा हात हातात घेतला. दळवी पुटपुटले, "आणि उठलो नाही तर ती याच्यापेक्षा वाईट बोलते. ते मी सांगितलं नाही."

*

मग मुद्देमाल उघडायचा दिवस आला. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू, पोलिसांनी गोणपाटात शिवून, लाखेची मोहोर लावून ठेवलेली.

इथे एक सांगायला हवं. फिर्याद दत्तारामनं मालवणीत सांगितली आणि लिहून घेतली त्याच सांगलीकडच्या हवालदारानं. 'आडाळो' म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारणं त्याच्या वर्दीला शोभलं नसतं. म्हणून त्यानं लिहिलं, 'आडाळो नावाचे धारदार शस्त्र'. वरच्या साहेबांनी रिमांडसाठी त्याचं इंग्रजी केलं, 'ए डेडली वेपन कॉल्ड आडाळो'. ते वाचून मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या डोळ्यांसमोर तलवारीच्या जातीचं काहीतरी उभं राहिलं होतं. केस आमच्याकडे यायच्या आधी, पहिल्या वेळी जामीन नाकारताना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं, "बायकांनी घरात अशी हत्यारं बाळगायची म्हणजे काय!" त्या एका शब्दापायी आनंदीबाई आठवडाभर कोठडीत होत्या आणि मुली शेजारणीकडे.

तर शिपायानं गोणपाट उसवलं. आतून लाकडी पाट निघाला. पाटावर पुढे वाकलेलं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायची चक्री. मॅजिस्ट्रेटसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो, ही तर विळी आहे!"

"होय, युवर ऑनर," तेंडोलकरसाहेब म्हणाले. "हे शस्त्र आपल्याही घरात आहे. माझ्या घरात तर दोन आहेत. हवालदारसाहेबांच्या घरातही असणार, पण त्याचा परवाना त्यांनी घेतलाय की नाही, याबद्दल मी आज विचारणार नाही."

हवालदार चिवट होता. म्हणाला, "पण साहेब, पात्यावर रक्ताचे डाग मिळालेत."

"मिळणारच," साहेब गोड आवाजात म्हणाले. "फक्त एवढं सांगा, दत्तारामचे की बांगड्याचे?"

रक्त कशाचं ते सांगता येत नाही, असं तपासणीच्या अहवालातच लिहिलेलं होतं. दळवी खाली मान घालून बसले होते. मला वाटलं हरल्यामुळे. नंतर कळलं, बांगड्याचं नाव काढल्यामुळे.

*

पुढच्या तारखेला दत्तारामची उलटतपासणी. त्या दिवशी साहेबांनी नेहमीचा आवाजही चढवला नाही. अगदी प्रेमानं विचारलं, "दत्तारामभाऊ, वहिनी हा आडाळो घेऊन तुमच्या मागे धावली?"

"होय तर."

"कुठवर?"

"जिन्यापर्यंत."

"हातात धरून?"

"हातात नाय तर काय डोक्यावर?" कोर्टात हशा. दत्ताराम खूश.

"असं करा, हा घ्या. ती कशी धावली ते कोर्टाला जरा करून दाखवा."

दत्तारामनं आडाळो उचलला. एका हातानं पाट धरला तर पातं खाली लोंबायला लागलं. दोन हातांनी धरला तर पातं त्याच्याच पोटाकडे आलं. उलटा धरला तर नारळाची चक्री शर्टाच्या खिशात अडकली. शेवटी कसाबसा छातीशी कवटाळून तो दोन पावलं धावला आणि पाट गुडघ्यावर आपटून साक्षीच्या पिंजऱ्यात कोसळता कोसळता वाचला.

मॅजिस्ट्रेटसाहेब ओरडले, "अहो, खाली ठेवा आधी! तुम्हाला काही झालं तर दुसरी केस मी कुणावर लावू?"

मी आनंदीबाईंकडे बघितलं. मला वाटलं हसत असतील. त्या हसत नव्हत्या. ओठ आवळून, सूडानं नव्हे तर शिक्षिकेनं पोराचं चुकलेलं गणित बघावं तशा बघत होत्या. मला म्हणाल्या, "बघलास गो बाय? मी सांगी होतंय ना तुका? आडाळो घेवन कोणाक धावाक येता काय?"

*

सगळे साक्षीदार झाले की कोर्ट आरोपीला एकेक मुद्दा वाचून दाखवतं आणि विचारतं, यावर तुम्हाला काय सांगायचंय? तिथे जास्त बोलणारा माणूस हातची केस घालवतो. आणि आनंदीबाईंना कमी बोलायचं माहीत नव्हतं! म्हणून साहेबांनी मला कामाला लावलं. आठवडाभर मी त्यांना ऑफिसात बसवून घोटून घेत होते.

"आनंदीबाई, कोर्टानं काहीही विचारलं तरी एकच उत्तर. काय?"

"खोटां आसा."

"बास. पुढे एक शब्द नाही. दत्तारामला शिव्या नाहीत, त्याच्या आईला नाहीत, गावाला नाहीत."

"आणि देवाची शपथ घेतलंय तर?"

"देवालाही मधे आणायचं नाही."

खाली गिरणी घरघरत होती, वर आमची ही शाळा. बाई घरी जाताना जिन्यातही "खोटां आसा, खोटां आसा" म्हणत जायच्या. धाकटी मुलगी सांगायची, आई झोपेतही म्हणते.

कोर्टात त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. हात जोडलेले, अंगावर ठेवणीतलं लुगडं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "तुमचं नाव आनंदी सदाशिव परब?"

"खोटां आसा!"

सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. तेंडोलकरसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला गिरणीच्या जात्यात उडी घ्यावीशी वाटली.

पण पुढचं मात्र बाईंनी चोख केलं. एकेका मुद्द्याला नेमकं उत्तर. शेवटी मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?" मी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला. आनंदीबाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग सगळी शिकवणी बाजूला सारून त्यांनी कपाळाला हात लावला.

"साहेबांनू, माझ्या दोन्ही चेडवांची शपथ घेवन सांगतंय. हो आडाळो मी उचलूक नाय. हात पण लावूक नाय. ह्या एकदम खोटां."

आवाजात एवढा खरेपणा होता की मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. दळवींनी समोरचा कागद उगाचच पालथा घातला. आणि तेंडोलकरसाहेबांच्या, एवढ्या मुरलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी!

आनंदीबाई सुटल्या. निकालात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिलं की सदर वस्तू हातात घेऊन पाठलाग करणं अशक्य असल्याचं कोर्टानं स्वतः पाहिलं आहे. दोन्ही मुली आईच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, वकिलानं रडू नये हे माहीत असून. फक्त आनंदीबाई फणकारल्या. निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द होते, ते त्यांना मुळीच पटले नाहीत. "माझो संशय कित्याक? मी खरां बोललंय ना?"

*

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी आनंदीबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. साहेब, मी आणि दळवीसुद्धा! सरकारी वकिलानं सुटलेल्या आरोपीकडे जेवावं की नाही, यावर दळवी दोन दिवस विचार करत होते. मग त्यांना कळलं की सुरमई आहे.

खोली लखलखीत. दोघी मुली नवे फ्रॉक घालून पानं मांडत होत्या. नोकरी टिकली होती, दत्ताराम गावाला निघून गेला होता. आणि चुलीजवळ पाटावर बसून आनंदीबाई नारळ खवत होत्या. कोर्टातून परत मिळालेला तोच आडाळो! पाटावर मुद्देमालाची चिठ्ठी आणि लाखेची मोहोर तशीच.

"आनंदीबाई, ती चिठ्ठी काढून टाका की आता," मी म्हणाले.

"ऱ्हवांदे गो. शेजारणी उसनो मागनत नाय!"

जेवायला बसलो. पहिल्या घासाला दळवींनी डोळे मिटले. तिसऱ्या घासाला तेंडोलकरसाहेब हळवे झाले. त्या आडाळ्याकडे बघत म्हणाले, "दळवी, तुम्हाला म्हणून सांगतो. सबंध वकिलीत मी कुणाला खरं-खोटं विचारलं नाही. पण माझं अशील शंभर टक्के खरं बोलतंय अशी खात्री मला एकदाच वाटली. ती या बाईंच्या वेळी."

"खोटं कशाला बोलू, मलाही वाटली," दळवी म्हणाले.

आनंदीबाईंचा चेहरा फुलला. माझ्या पानात सोलकढीची वाटी ठेवत त्या म्हणाल्या, "मगे! त्या दत्ताक मी पयल्या दिवसापासून सांगी होतंय, मेल्या, कोर्टात खोटां बोलू नको. आडाळ्याचा नाव कित्याक घेतंस? कोयतो म्हटल्यान असता, तर माझा काय म्हणणा नव्हता!"

माझी वाटी तोंडाशीच राहिली. मोठ्या मुलीनं धाकटीला भात आणायला म्हणून चुलीकडे ढकललं. साहेब पानातल्या तुकडीकडे असे बघत होते, जशी काही ती उलटतपासणीला उभी आहे.

दळवींनी सावकाश एक काटा काढून पानाच्या कडेला ठेवला.

"तेंडोलकर," ते म्हणाले, "अपिलाची मुदत संपली का हो?"

"संपली. त्याशिवाय का आडाळो घरी आलाय?" साहेब म्हणाले. "आनंदीबाई, दळवीसाहेबांना अजून एक तुकडी वाढा."